प्रवासी रडला तिथे पट्टा फुगला

मंगळवार, सकाळ

तीर्थरूप अक्का हिला,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे. जमिनीवर घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, आणि घरात सध्या जी माणसं आहेत त्यांच्याकडून उठवून घेण्यापेक्षा मी तिथेच पडून राहणं पसंत करीन.) तुझा गुडघा काय म्हणतो? कानातलं नवं यंत्र कानात घालतेस, की अजून डबीत ठेवून डबीलाच ऐकवतेस? गेल्या महिन्यात मी फोनवर तुझी तब्येत विचारली आणि तू मला खिडकीच्या काचा कशा पुसाव्यात ते सविस्तर सांगितलंस. पद्धत उत्तम होती, काचा लख्ख निघाल्या. तब्येतीचं तेवढं कळायचं राहिलं. म्हणून यापुढे तुझ्याशी जे बोलायचं ते कागदावर, असं मी ठरवून टाकलं आहे. इकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

आमच्या नातीला नोकरी लागली हे तुला कळलंच असेल. कुठे, तर शीतगोदामात. गोठवलेले मटार, गोठवलेला मका, गोठवलेले मासे यांची खोकी एका मांडणीवरून दुसऱ्या मांडणीवर नेणारी गाडी ती चालवणार. आत उणे अठरा. आपल्या वेळी माणसं थंडी चुकवायला घराचं दार लावून बसत, आता थंडीत शिरायला अर्ज करतात आणि मुलाखती देतात. कंपनीने तिला जाकीट दिलं, हातमोजे दिले, गुडघ्यापर्यंत बूट दिले, हेल्मेट देणार आहेत. कान मात्र कुणाला आठवले नाहीत. (तिथल्या साहेबांना कान नसावेत, किंवा असून उपयोग नसावा.) हेल्मेटखाली कानटोपी मावत नाही, आणि पोरीचे कान तर जन्माचे नाजूक. नुसत्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाहून आली ती दोन्ही कान धरून, वर्गाबाहेर उभं केल्यासारखी. सोमवारपासून रोजची पाळी सुरू. तेव्हा सोमवारच्या आत तिच्या कानांची सोय झाली पाहिजे, एवढाच या पत्राचा विषय. बाकीचं सगळं विषयांतर, आणि विषयांतराखेरीज मला आजवर काय धड जमलं आहे?

सोय म्हणजे हेडबँड. तू पाहिला नसशील, सांगतो. एखाद्या टोपीने टोपी होता होता मधूनच विचार बदलला, की जे नुसतं कडं मागे उरतं ते. डोक्याचा वरचा भाग उघडा, गळा उघडा, मध्ये चार बोटं ऊब. आपल्या लहानपणी डोकं झाकायचं तर पुरतं झाकत, नाहीतर उघडं ठेवून जगाच्या तोंडावर मारत. हे असं अधलंमधलं झाकणं म्हणजे अर्धं दार लावून 'घरी नाही' म्हणण्यासारखं. पण पोरीला तोच हवा होता, आणि पट्ट्यापट्ट्यांचा हवा होता.

हा विषय जेवणाच्या टेबलावर निघाला आणि तिथे आमच्या विहीणबाई बसलेल्या होत्या. सूनबाईच्या आई. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस म्हणून आल्या, त्याला आता दोन महिने झाले. डोळा इतका स्वच्छ झाला आहे की माझ्या सदऱ्यावरचा डाग त्यांना स्वयंपाकघरातून दिसतो. दिवसभर हातात क्रोशाची सुई. घरातली एकही वस्तू बाईंनी उघडी ठेवलेली नाही. टीव्हीच्या रिमोटला झबलं, किटलीला घागरा, माझ्या चष्म्याच्या डबीला झालर. परवा खुर्चीत माझा डोळा लागला आणि उठून बघतो तर पायाशी माप घ्यायची फीत पडलेली. तेव्हापासून मी बसून झोपत नाही. तर या बाई म्हणाल्या, 'आणा लोकर, संध्याकाळपर्यंत करून देते.' आज हवा बरी आहे म्हणावं, तशा सुरात! मला राहवेना. म्हटलं, 'त्यात काय एवढं? भोकं पाडायची आणि भोकांभोवती दोरा फिरवायचा.'

'मग तुम्हीच करा की, व्याहीबुवा.'

'करीन.'

'करा.'

'करतोच!'

पोरगी टाळ्या पिटत म्हणाली, 'ठरलं! आजोबा, तुमचा झाला तर मी तुमचाच घालणार.' त्यावर विहीणबाईंनी भांडी आवरता आवरता, माझ्याकडे न बघता म्हटलं, 'करू दे गं त्यांना. मी आपला एक करून ठेवते. वेळेला असलेला बरा.' अक्का, मी आयुष्यात पुष्कळ अपमान गिळले. पण 'वेळेला असलेला बरा' हा घशाखाली उतरेना. या वाक्यावर त्या सुखाने झोपल्या आणि मी सकाळी लोकरीच्या दुकानात गेलो.

दुकानातल्या बाईने मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, 'घरच्यांनी नमुना दिलाय का?' म्हणजे हा म्हातारा निरोप्या आहे हे तिने गृहीतच धरलं होतं. मी म्हटलं, विणणारा मीच. तेव्हा ती 'अय्या' म्हणाली. (या वयात एखाद्या बाईने आपल्याकडे बघून 'अय्या' म्हणावं आणि कारण हे असावं!) मी मोहरीसारखा पिवळा आणि पाटीसारखा करडा असे दोन गुंडे मागितले. आपल्या शाळेच्या झेंड्याचे रंग, तुला आठवत असतीलच. ती म्हणाली, 'आजोबा, हे रंग सध्या चालत नाहीत.' मी म्हटलं, बाई, मीही सध्या चालत नाही, बसूनच असतो. द्या.

मग शिक्षण. पोरीने मला फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यात एक मुलगी 'फक्त वीस मिनिटांत' असं म्हणते आणि नुसती बोटंच दिसतात, चेहरा नाही. ज्या शिक्षकाला चेहरा नाही त्याच्याकडून मी काय शिकणार? चुकलं तर बघायचं कुणाच्या भुवयांकडे? बोटं सुईत दोरा अडकवतात, ओढतात, पुन्हा अडकवतात आणि मध्येच म्हणतात, 'बघा, किती सोप्पं!' मी तो व्हिडिओ अकरा वेळा थांबवला, आणि बाराव्यांदा तो आपणच थांबला. शेवटी सूनबाईने हात धरून दोन गोष्टी शिकवल्या. एक साखळी, ही कामाचा पाया म्हणून. आणि दुसरा मुका खांब. हा बुटका, साधा टाका, एकाशेजारी एक घालत जायचा. मुका खांब! सगळ्या धंद्यात मला आवडलेला एवढा एकच शब्द. बाकी या विद्येत आवडण्याजोगं काही नाही. एक ओळ घाल, काम उलटं फिरव, दुसरी ओळ घाल, पुन्हा उलटं फिरव. बैल घाण्याला फिरतो त्याला निदान तेल तरी दिसतं.

पण खरा घोटाळा मोजण्यात. प्रत्येक ओळीत टाके तेवढेच पाहिजेत, आणि मी सातपर्यंत आलो की माझं मन खिडकीतून बाहेर जातं. आठवर कुठलं तरी झाड, नवावर शाळेची घंटा, आणि परत येतो तोवर बोटांनी दोन टाके माझ्या परवानगीशिवाय घातलेले असतात. दोन दिवस घालायचं नि उसवायचं एवढंच चाललं होतं. विहीणबाईंचा हेडबँडचा पट्टा तर लोकर आणली त्याच संध्याकाळी पुरा होऊन, शब्दकोशाखाली दाबून ठेवला गेला होता. (शब्दकोश माझा.) आणि तेव्हा, अक्का, मला कविता-गुरुजी आठवले.

गुरुजी डस्टरने टेबलावर ठोके देत वृत्त शिकवायचे ते डोळ्यांपुढे आलं. खडूची पांढरी धूळ उडायची आणि प्रत्येक अक्षर त्या धुळीत उभं राहायचं. भुजंगप्रयाताच्या ओळीत बारा अक्षरं, मंदाक्रांतेच्या ओळीत सतरा. एक कमी नाही, एक जास्त नाही. मग मला आकडे हवेत कशाला? एका अक्षराला एक टाका! मी गुरुजींची ती लांबलचक 'प्रवासी' कविता घेतली. त्यांची स्वतःची, फळ्यावर लिहिलेली, कधी न छापलेली. दुसऱ्या दिवशी गणिताचे मास्तर येऊन पुसून टाकायचे ती. तू माझ्यापुढे दोन इयत्ता, म्हणजे तुला आधी पाठ झाली आणि शाळेच्या वाटेवर तू ती माझ्याकडून घोकून घ्यायचीस. ओळ चुकली की दप्तर पाठीत. हिशोब केला तर आज ती कविता जगात दोनच डोक्यांत उरली आहे, एक तुझं आणि एक माझं. तर मी डोळे मिटले आणि सुरुवात केली: 'निघाला पुढे एक वेडा प्रवासी.' बारा अक्षरं, बारा टाके. ओळ संपली की काम फिरवायचं, चार ओळींचं कडवं संपलं की रंग बदलायचा. पिवळं कडवं, करडं कडवं, पिवळं कडवं. पट्टे आपोआप पडत गेले. काय सांगू तुला, दीड दिवस मी या घरात नव्हतोच. एकीकडे पट्टा गुंडाळत जायचा, दुसरीकडे वाट उलगडत जायची. सूनबाई म्हणते, मी हसतही होतो. असेन.

काल संध्याकाळी चौदा कडवी झाली आणि मी गुंडाळी टेबलावर सोडली. मग विहीणबाई चष्मा सारखा करून म्हणाल्या, 'व्याहीबुवा, यानं काय गिळलंय?'

खरंच सांगतो, ओळीने दोन उंदीर गिळून निजलेला साप असतो ना, तसा तो दिसत होता. सुरुवातीला बेताचा, मग एकदम फुगलेला, मग पुन्हा बारीक, मग पुन्हा फुगीर, शेवटी बारीक. पोरगी खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली. सूनबाईने टाके मोजले: बारा, सतरा, बारा, सतरा, बारा. आणि मला उमगलं. गुरुजींनी कविता दोन वृत्तांत बांधली होती! प्रवासी चालत असला की भुजंगप्रयात. थांबून रडायला लागला की मंदाक्रांता, कारण रडायला जागा जास्त लागते. तो पहिल्यांदा रडतो नदीकाठी ('कोठे गेले पथिक सगळे सांज झाली नदीशी', मोज, सतरा) आणि दुसऱ्यांदा त्या मोडक्या मैलाच्या दगडापाशी. जिथे प्रवासी रडला तिथे पट्टा फुगला. मला विणताना पत्ताच नाही! मागच्या ओळीत टाका घालायला घरं कमी पडली तेव्हा मी एकेका घरात दोन-दोन टाके दाटीवाटीने बसवले (बाकावर जागा नसली की आपण सरकून बसायचो, त्यातलंच), आणि पुढे पाच घरं जास्त झाली तेव्हा ती रिकामी सोडून दिली, पोरं गैरहजर असतील म्हणून.

आता यावर घरात जे काही बोललं गेलं ते मी लिहीत नाही. विहीणबाईंनी तर माझा पट्टा आपल्या पट्ट्याशेजारी ठेवला. त्यांचा म्हणजे पट्टी लावून आखलेला, सगळीकडे सारखा, एका रंगाला दुसऱ्या रंगाची कुठे ओळखसुद्धा नाही. असल्या वस्तूत काय राम आहे? तिच्यात माणूस कुठे चालला, कुठे थांबला, काही कळत नाही. पण हे मी बोललो नाही, कारण तेवढ्यात पोरीने माझा डोक्याभोवती लावून बघितला आणि दोन टोकं भेटेनात. तीन बोटं कमी. ओढून धरला तर तिच्या भुवया वर चढतात आणि ती सारखी नवल करत असल्यासारखी दिसते. गोदामात मटारांकडे बघून दिवसभर नवल करणं बरं दिसणार नाही. तीन बोटं म्हणजे बरोबर चार ओळी. म्हणजे एक कडवं. पंधरावं, शेवटचं.

विहीणबाई म्हणाल्या, 'बारा-बाराच्या चार ओळी मोजून घाला आणि मोकळे व्हा.' या बाईंना असंच वाटतं. उद्या पूल तीन हात कमी पडला तर त्या फळी टाकतील. मी साफ सांगितलं, चौदा कडवी म्हणून झाल्यावर पंधराव्याच्या जागी 'एक, दोन, तीन' म्हणणार नाही. माणसाला गावच्या वेशीपर्यंत आणायचं आणि तिथून पुढे आकड्यांच्या स्वाधीन करायचं, हे मला जमणार नाही. पोरगी हळूच म्हणाली, 'आजोबा, सोमवार आहे हं. नाहीतर मी आजीचा घालते, तुम्ही वाईट नका वाटून घेऊ.' वाईट! मला कसलं वाईट वाटायचं? दोन काठांमधलं लोकरीचं कडं ते, कुणाचंही घाल. मी तर म्हणतो या सगळ्या प्रकारात वेळ घालवणारी माणसंच रिकामटेकडी. मला काही मागायचं नाही, काही सिद्ध करायचं नाही. तुला गंमत कळवावी एवढाच या पत्राचा हेतू.

गुडघ्याला शेक दे, जिने टाळ, आणि धाकट्यावर पूर्वीइतकाच अविश्वास असू दे.

तुझा,
पाठीत दप्तर खाल्लेला भाऊ

ता. क. १ : शेवटचं कडवं मला आठवत नाही. काल रात्रभर आणि आज सकाळपासून आठवतो आहे. पहिलं अक्षरसुद्धा ओठावर येत नाही. प्रवासी वेशीपाशी येतो इथवर लख्ख दिसतं, पुढे फळा पुसलेला. अक्का, तुला ते नक्की येत असेल. उलटटपाली लिहून पाठव. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. तिथल्या तिथे लिहून टाकलंस तर शनिवारी माझ्या हाती, रविवारी पट्टा पुरा. फोन करू नकोस. फोन विहीणबाईंच्या खुर्चीशेजारी आहे.

ता. क. २ (बुधवार, सकाळ, तिकीट मिळालं नाही म्हणून पाकीट अजून इथेच) : काल संध्याकाळी पोरगी हेल्मेट घेऊन आली आणि दोन्ही पट्टे त्याखाली घालून बघितले. विहीणबाईंचा कपाळावर गोळा होतो आणि हेल्मेट बोटभर वर उचलतो. माझा (टोकं मागे टाचणीने धरून) कपाळाशी बारीक, मानेशी बारीक आणि दोन्ही रडणी अचूक दोन कानांवर! पोरगी म्हणाली, 'आजोबा, तुम्ही मुद्दाम केलंत ना असं?' मी म्हटलं, अर्थात. विहीणबाईंनी पट्टा हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि मला म्हणाल्या, 'म्हणा बघू ती कविता. काय एवढं रडतो तो, ऐकू दे.' चौदाही कडवी म्हणून दाखवली. मैलाच्या दगडाशी बाईंनी डोळ्याला पदर लावला. मी बघितलं तर म्हणाल्या, 'ऑपरेशन झालंय, पाणी येतंच.' दोन महिन्यांत मी तर आलेलं पाहिलं नव्हतं. असो. कडव्याची आता जास्तच घाई आहे.

ता. क. ३ (बुधवार, दुपार) : विहीणबाई आत्ताच माझ्यापुढे एक कागद ठेवून गेल्या. म्हणाल्या, 'बारा-बारा बरोबर आहेत, मी बोटांवर मोजलेत.' जसंच्या तसं उतरवून देतो:

घरी पोचला तो, दिवा पेटलेला,
पुसूनी बुटांना हळू आत गेला;
चहा घेतला, शेकले पाय त्याने,
म्हणाला, 'नको रे पुन्हा दूर जाणे!'

चौदा कडवी चालून, नदीकाठी आणि मैलाच्या दगडाशी ऊर फुटेस्तोवर रडलेला माणूस, आणि शेवटी चहा! बूट पुसतो! 'त्याने'ला 'जाणे' जुळवलेलं बघून गुरुजींनी डस्टर फेकून मारलं असतं. आणि संताप याचा की वृत्त कुठे चुकलेलं नाही. मी तीनदा ठोके दिले. त्यात गोदामातून फोन आला, पाळी सोमवारऐवजी आजपासूनच; पोरगी दारात उभी होती, बुटांसकट. तेव्हा मी ते कडवं म्हणत चार ओळी घातल्या, टोकं जोडली, गाठ मारली. पट्टा बसला. पोरीने विचारलं, 'सगळा तुम्हीच केलात?' मी 'हो' म्हटलं. विहीणबाई आतच होत्या, त्यांनी ऐकलं, आणि काही बोलल्या नाहीत. या बाईंचं न बोलणं मला सहन होत नाही.

तेव्हा आता घाई नाही; पण खरं कडवं पाठवच. पट्टा उसवणार नाही, तसं पोरीने वचन घेतलं आहे. फक्त मला कळायला हवं की तो प्रवासी पोचला की नाही. आणि तुलाही आठवत नसेल, अक्का, तर तसं मात्र लिहू नकोस. उत्तरच धाडू नकोस. मी टपालवाल्यांना शिव्या देत बसेन, त्याची मला सवय आहे.